शीतलनाथांचा द्वारपाल

मे महिन्याची दुपार. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या कम्युनिटी हॉलबाहेर चपलांचा ढीग, आणि आत अख्खी कॉलनी एका पितळी नळीसमोर हात जोडून बसलेली. नळीच्या एका टोकातून गारेगार वारा येत होता, दुसऱ्या टोकाला बोट लावलं तर चटका बसत होता. ढोल-झांजांनी कान किटले होते.

"नली में द्वारपाल बैठा है," शीतलनाथ महाराज सांगत होते. "हवा के एक-एक कण को पहचानता है. तेज वाला उधर, सुस्त वाला इधर. ना बिजली, ना खर्चा."

सुखदा पहाडगंजच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. एका शास्त्रज्ञानं नुसता कल्पनेत उभा केलेला हा द्वारपाल तिला भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून चांगला ठाऊक होता, त्यामुळे तिला आधी हसूच आलं. मग सासऱ्यांच्या, अण्णासाहेबांच्या, मांडीवरचा डबा दिसला आणि हसू पळालं. डब्यात सासूबाईंचं इन्सुलिन होतं. लाइट सारखी जाते म्हणून अण्णासाहेब ते आजपासून महाराजांच्या, याच नळीच्या वाऱ्यावर चालणाऱ्या, गार पेटीत ठेवणार होते. वारा थांबला की ते उकाड्यात नासणार होतं. ती सासऱ्यांजवळ सरकली.

"अण्णा, तुमच्या रेकॉर्ड रूमच्या दारावर कोण आलं-गेलं ते कशात लिहायचे?"

"रजिस्टरमध्ये. बिल्कुल."

"आणि रजिस्टर भरलं की?"

"जुनं मोडीत काढायचं. अगं, घामानं शर्ट ओला व्हायचा."

"या द्वारपालालाही तेच करावं लागणार. कण ओळखायचा म्हणजे नोंद ठेवायची. जागा संपली की नोंद पुसायची, आणि पुसायला ऊर्जा लागते, तिची उष्णता होते. फुकटात काही होत नाही."

तीस वर्षं सरकारी रजिस्टरं सांभाळलेला माणूस तो. ताडकन उभा राहिला.

"महाराज, द्वारपाल का रजिस्टर दिखाइए."

वादक गोंधळून थांबले. त्या शांततेत भिंतीपलीकडून धडधड ऐकू आली. सुखदा पडद्यामागच्या खोलीत शिरली. तिथं पंक्चरवाल्याकडे असतो तसला हवेचा कॉम्प्रेसर घाम फुटल्यासारखा तापला होता आणि त्याचा पाइप थेट नळीत गेला होता. तिनं कॉक बंद केला. वारा थांबला.

"अच्छा, द्वारपाल लंचला गेला वाटतं," अण्णासाहेब म्हणाले, आणि हॉल हसून लोटपोट झाला. महाराज तेवढ्यात ढिगात आपल्या चपला शोधू लागले.

सुखदानं सगळ्यांना नळी उघडून दाखवली. आत नुसती पोकळी. दाबलेली हवा कडेनं आत सोडली की ती गरगर फिरते. कडेची तापून एका टोकानं निघते, मधली गार होऊन दुसऱ्यानं. दाबायची वीज मात्र कॉम्प्रेसर खातो.

घरी आल्यावर अण्णासाहेबांनी इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवलं आणि मागच्या जाळीला हात लावला. जाळी चांगलीच गरम होती.

"हा प्रामाणिक आहे," ते म्हणाले. "आपली गरम पाठ लपवत नाही."

"मग पुढच्या वेळी कुणी फुकट गारवा दाखवला," सासूबाई गिरिजाबाई म्हणाल्या, "तर हात जोडण्याआधी भिंतीपलीकडे जाऊन बघा. अहो, औषध माझं होतं."