वीतभर कड

सकाळी सात वाजता मिस्त्री दवाखान्याच्या दाराशी उकिडवा बसला. पिशवीतून त्यानं छिन्नी काढली, नव्या उताराच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवली आणि हातोडी मारली. तांदळाएवढा टवका उडाला. दुसरा घाव घालायला मात्र हात उचलेना.

कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता. नख मधोमध दुभंगलेलं आणि शेंडा एका बाजूला कललेला, असा अंगठा अख्ख्या गावात एकाच माणसाला होता, आणि तो माणूस आत्ता हातोडी धरून घामाघूम झाला होता. पोरांनी दोन आठवडे ओली पोती अंथरून, पाणी मारून काँक्रीट इतकं पक्कं केलं होतं, की ठसा फोडायला जावं तर कोपराच निखळणार. ठसा ठेवला तर मुलीचं पदक जाणार आणि फोडला तर काम जाणार. मिस्त्रीनं छिन्नी पिशवीत टाकली.

मुलीला घरी सगळे फौजदार म्हणत. चौथीत असताना तिनं आईच्या डब्यांना नंबर घातले होते, तेव्हापासून. सात वर्षं ती युवक पथकात होती आणि आता तिथलं सगळ्यात मोठं पदक तिच्या हाताशी आलं होतं. त्यासाठी लोकांच्या उपयोगाचं एक काम स्वतः ठरवायचं, माणसं जमवायची आणि ते पुरं करून दाखवायचं. तिनं दवाखाना निवडला. तिथे चार पायऱ्या होत्या, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दोघांनी धरून उचलून वर न्यावं लागे. पायऱ्यांच्या बाजूला चोवीस फुटांचा उतार बांधायचा, असं तिनं ठरवलं. पथकाची दहा मुलं तिच्या हाताखाली होती.

नियम दोनच, पण कडक. घरातल्या मोठ्यांनी विचारलं तर सांगायचं, हात लावायचा नाही. आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत काम तपासून व्हायला हवं. फौजदाराला अठरा पूर्ण व्हायला आता चार दिवस उरले होते.

"बाबा, तू तिकडे फिरकायचंसुद्धा नाहीस," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तुझा भरवसा नाही. लग्नाच्या जेवणाला जातोस अन् तिथल्या भिंतीला ओळंबा लावून बघतोस."

"एकदाच लावला होता," मिस्त्री म्हणाला.

तीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला घरात बसवून, मुलगी तिकडे काँक्रीट ओततेय हे सांगायचं, म्हणजे शिक्षाच. तरी तीन आठवडे त्यानं कळ काढली. कामाच्या शेवटच्या रविवारी मात्र त्याला अचानक खोकला झाला. दुपारी औषध आणायला म्हणून तो दवाखान्यात गेला. पोरं जेवायला गेली होती, उतार नुकताच ओतून झाला होता आणि अजून ओला होता. काम चोख होतं. पातळी बघायला पाणसळ लावायची गरज नव्हती, त्याला डोळ्यांनीच दिसत होतं. फक्त उजवीकडची कड एका जागी, जेमतेम वीतभर, खचली होती. कडेला ठोकलेली फळी थोडी सरकली असणार.

पुढचं त्याला नीट आठवतच नव्हतं. तिथे पडलेली थापी हातात कधी आली, कड सरळ कधी झाली, काही पत्ता नाही. भानावर आला तो अंगठा कोपऱ्यात दाबून झाल्यावर. काम संपलं की खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबायचा, ही त्याची तीस वर्षांची सवय. त्याच्या गुरूची होती, ती त्यानं उचलली. "सही येते तरी अंगठा उठवायची हौस," असं बायको त्याला चिडवायची. आणि तेवढ्यात पोरांचा गलका जवळ आला. मिस्त्री औषध न घेताच पळाला.

त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. जेवण जाईना. बायकोला वाटलं, खोकला छातीत उतरला. रोज संध्याकाळी फौजदार समोर बसायची, कामाची वही लिहायची, मधेच मान वर करून विचारायची, "बाबा, काही म्हणायचंय का?" आणि मिस्त्री म्हणायचा, "छे, मी कशाला काय म्हणू?" पोरीचं सात वर्षांचं काम आपण एका अंगठ्यानं मातीत घातलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याला स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

दहाच्या ठोक्याला तपासनीस बाई आल्या. पिकल्या केसांच्या, सडपातळ, कमरेला लोखंडी टेप. त्यांनी उतार मापला, कठडा हलवून पाहिला. मग दवाखान्याच्या शिपायानं रिकामी खुर्ची खालून वर नेली, वरून खाली आणली. रोज माणसं उचलून पाठ मोडलेला तो शिपाई एवढा खूश झाला, की त्यानं न सांगता आणखी दोन फेऱ्या मारल्या. मिस्त्री रस्त्यापलीकडे उभा राहून बघत होता. बाई खालच्या कोपऱ्यापाशी आल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि फौजदाराची वही उघडून सहीचं पान काढलं.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "घरातल्या कुणी मोठ्या माणसानं हात लावला?"

आता ही बिचारी नाही म्हणणार. तिला माहीतच नाही, आणि उद्या कुणी हा अंगठा ओळखला तर पोर खोटारडी ठरणार. मिस्त्रीनं रस्ता कधी ओलांडला ते त्यालाच कळलं नाही.

"लावला, बाई," तो म्हणाला. "मी लावला. मी हिचा बाप. वीतभर कड सारखी केली आणि हा अंगठा माझा. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. काय शिक्षा असेल ती मला द्या, पण हिचं पदक..."

फौजदारानं कपाळाला हात लावला. "अखेर बोललास! दोन आठवडे वाट बघतेय मी, रोज विचारतेय. शिपाईकाकांनी मला त्याच दिवशी सांगितलं, तुझे बाबा औषधाला आले अन् औषध न घेताच गेले."

"पान चौदा," बाई म्हणाल्या. "मी काल वाचलंय. तरी प्रश्न विचारावाच लागतो." आणि त्यांनी वही त्याच्यापुढे धरली.

मिस्त्रीनं ओळींखालून बोट फिरवत सावकाश वाचलं. 'रविवार. आम्ही जेवायला गेलो असताना माझ्या वडिलांनी उजवीकडची कड वीतभर सारखी केली. हे नियमात बसत नाही, म्हणून तेवढी कड आम्ही ओली असतानाच खरवडून पुन्हा केली. वडिलांची आमच्यापेक्षा चांगली होती. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे. तो कामाचा भाग नाही. पुसायला कुणाचा हात धजला नाही, म्हणून ठेवला आहे.'

त्यानं ते पुन्हा वाचलं. मग उजवीकडच्या कडेकडे पाहिलं. एका जागी खरंच ती जरा वेडीवाकडी होती. ती वाकडी कड बघून मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

तीस वर्षांत त्यानं किती कोपऱ्यांत अंगठा दाबला याची मोजदाद नव्हती. ते सगळे अंगठे फरश्यांखाली आणि रंगाखाली गेले होते. ज्यांची घरं त्यांनाही त्यांचा पत्ता नव्हता. कुणी लिहून ठेवलेला हा पहिलाच.

"हे काय?" फौजदार कोपऱ्याशी वाकली होती. ठशाच्या कडेला ताजा पांढरा टवका होता. तिनं बापाच्या पिशवीकडे पाहिलं. छिन्नीचं टोक बाहेर आलं होतं. "बाबा!"

"सकाळी," मिस्त्री पुटपुटला. "एकच घाव. पुढे हात चालला नाही."

तिला रागवायचं होतं, पण तिचे डोळेच भरून आले. "आता हेही लिहावं लागणार," ती म्हणाली आणि कानावरची पेन्सिल काढली. टेकायला टेबल नव्हतं. मिस्त्री न सांगता वाकला. तिनं वही त्याच्या पाठीवर ठेवली आणि लिहू लागली. सदऱ्यातून त्याला एकेक अक्षर लागत होतं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिथेच सही केली. सही लांबलचक होती. ती पुरी होईपर्यंत मिस्त्री हलला नाही.