मोजणारा आवाज

मोहाडीच्या विणकरांच्या आळीत रंजिताच्या घरी हातमाग होता आणि त्यावर तिला एकटीलाच बसावं लागे. करवती काठाचं लुगडं हे खरं म्हणजे दोघांचं काम. मधल्या अंगाच्या कोसा रेशमाला आडवा धागा नेणारा एक धोटा, दोन्हीकडच्या काठांना वेगळे दोन, आणि काठावर करवतीसारखे दात उठायचे तर दर फेरीला धागे मोजावे लागतात. समोर कोणी मोजणारं असलं की हात आपसूक चालतो. पूर्वी सासरे, बाबूलाल, बसायचे. पण कंबर धरल्यापासून त्यांना मागाच्या खड्ड्यात उतरणं जमेना. ते अंगणात बसून धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरत. नवरा, भूषण, वरठीच्या कारखान्यात. सकाळी मोटारसायकल काढली की दिवेलागणीलाच परत.

मोबाइलवर गाणी लावली तर घडीघडी कोणाचा तरी फोन यायचा आणि मोजणी चुकायची. म्हणून भूषणने वरठी स्टेशनाजवळच्या जुने मोबाइल विकणाऱ्याकडून एक छोटा प्लेअर आणला. काडेपेटीएवढा, मागे चिमटा, दोन कानांत घालायच्या दोन वायरी.

"याले सिम नाई, फोन नाई," तो म्हणाला. "फक्त गाणे. एकदा चार्ज केला का दोन दिवस पाहाले नको."

रंजिताला तो फार आवडला. पदराला अडकवला की आपलं एक वेगळंच घर झाल्यासारखं वाटे. पाठ दुखायची ती कळेना, दुपार कधी सरली ते कळेना, विणाई वाढली. एकच खोट होती. कानात तो असला की बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नसे. एकदा भात करपून घरभर धूर झाला तेव्हा नाकाने सांगितलं. बाबूलाल दारात येऊन हात हलवत उभे राहत.

"सुनबाई, घरात राहून तू घरात नाई राहत," ते म्हणायचे, पण रागाने नाही.

आठवड्याभराने गाणी संपली आणि पुढे एक भलतंच सुरू झालं. आधी खडखड. ती तिने लगेच ओळखली, मागाचीच होती. मग एका म्हाताऱ्या बाईचा सावकाश आवाज.

"एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. पलट. दे."

कोणीतरी करवती काठाची मोजणी भरून ठेवली होती. रंजिताला हसू आलं. तिचा दात पाच धाग्यांचा, हा सातांचा. नव्या लुगड्याला तिने गंमत म्हणून सातांचाच दात धरला. बाई मोजायची, ही विणायची. "दे" म्हटलं की धोटा जायचा. तीन दिवसांत काठ असा उतरला की बाबूलाल त्यावरून बोट फिरवत बसले.

"हा हात आपला नाई," ते म्हणाले. "हा पवनीकडचा दात हाये. तुले कोण शिकवला?"

"यातली बाई मोजते, मामाजी."

चौथ्या दिवशी ऐन दुपारी काठाचा धागा तुटला. रंजिता वाकून गाठ मारू लागली. गाठ बसली, ती सरळ झाली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आवाज "चार"वर थांबलेला आहे. मागाची खडखडही थांबली होती. तिने पायाने पावडी दाबली आणि कानात शांतपणे आलं, "पाच."

तिला वाटलं, मशीन अडकलं असेल. मग मुद्दाम हात थांबवला. आवाज थांबला. हात चालवला, आवाज चालला. तिसऱ्यांदा ती बराच वेळ नुसती बसून राहिली. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं, आळीतला एकही माग वाजत नव्हता. कानात एका माणसाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"काहून थांबली?" आवाज म्हणाला. "धागा तुटला का?"

रंजिताने दचकून मागे पाहिलं. पण सवय अशी, की विचारलं तर उत्तर द्यावं. ती म्हणाली, "जोडला."

"मंग दे."

संध्याकाळी भूषणने ते कानाला लावून पाहिलं. त्याला मोजणी ऐकू आली, एकसारखी, कुठे न थांबता बेचाळीस मिनिटं.

"कोणाची तरी रेकॉर्डिंग हाये. पुसून टाकू का?"

"राहू द्या," ती म्हणाली. आपण इतक्या घाईने का बोललो, ते तिलाही कळलं नाही.

त्यानंतर तिने गाणी लावणंच सोडलं. सकाळी भूषण गेला की ती खड्ड्यात पाय सोडून बसे आणि कानांत वायरी घाली. बाई फार बोलत नसे. "काठ ओढून घे," म्हणे. "आज हात जड हाये तुहा," म्हणे. रंजिता उत्तर देई. माहेर सोडल्यापासून इतकं कोणी तिच्या हाताकडे लक्ष देऊन बोललं नव्हतं. भिंतीपलीकडे बाबूलाल सुनेचं एकटीचं बोलणं ऐकत आणि कांडी फिरवायची विसरून जात.

एका गुरुवारी लुगडं पदरापर्यंत आलं होतं. मोजणी पाचावर पोचली आणि आवाज थांबला. रंजिताचा हात मात्र चालूच होता.

"मोजा ना," ती म्हणाली.

"ऊठ," आवाज म्हणाला. "अंगणात कोणी हाक मारून राहिलं. तुले ऐकू नाई येत का? ऊठ लवकर."

तिने वायरी ओढून काढल्या. तेव्हा तिला बाबूलालचा आवाज ऐकू आला, बसलेला, घोगरा, "सुनबाई... सुनबाई..." ती धावली. ते धुण्याच्या दगडापाशी पडले होते, एक पाय वाकडा, तोंडावर ऊन. किती वेळ झाला विचारलं तर म्हणाले, "ऊन भिंतीवर होतं तवाचा."

शेजारच्यांनी गाडी करून भंडाऱ्याला नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं. म्हातारा तिला एका शब्दाने बोलला नाही आणि तेच तिला जास्त लागलं. घरी आल्यावर तिने ती बेचाळीस मिनिटं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मोजणीशिवाय त्यात काही नव्हतं. "ऊठ" नव्हतं. "काहून थांबली" नव्हतं.

"हे जिचं हाये तिले नेऊन देतो," ती भूषणला म्हणाली.

वरठीच्या दुकानदाराला आठवण होती. पवनीच्या कैलाश नावाच्या माणसाने चार जुन्या वस्तूंसोबत प्लेअर दिला होता. रविवारी भूषण वडिलांजवळ बसला आणि रंजिता बसने पवनीला गेली. विणकरांत विचारत घर सापडलं. दारात चाळिशीचा कैलाश उभा होता. तिच्या हातातली वस्तू पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे परत काहून आणलं, ताई?"

त्याने तिला ओट्यावरच बसवून सगळं सांगितलं. त्याची आई उषाबाई आणि मावशी शकुनबाई, दोघी बहिणी एकाच मागावर आयुष्यभर समोरासमोर बसल्या. काचबिंदूने शकुनबाईची नजर गेली, तरी उषाबाई मोजायची आणि ती नुसत्या बोटांनी विणायची. मग उषाबाई आजारी पडली. आपल्यामागे बहिणीचा माग बंद पडू नये म्हणून तिने मागापाशी खाट टाकून, बहिणीला विणायला लावून आपली मोजणी भरून घेतली. ती गेल्यावर शकुनबाईने त्यावर दोन लुगडी विणली.

"पण मंग ते मशीनसंग बोलू लागली," कैलाश म्हणाला. "दिवस दिवस. जेवाले हाक मारली तरी ऐकू नाई ये. चूल पेटली हाये का विझली, पत्ता नाई. मले भेव वाटलं. एक दिवस काढून घेतलं आणि सांगतलं का हरवलं. तवापासून माग बंद हाये."

त्याची भीती खरी होती, ती रंजिताच्या घरी प्लास्टर घालून पडली होती. तरी ती उठली आणि आत गेली.

आत माग होता. त्यावर अर्धं लुगडं तसंच, धुळीने करडं झालेलं. शकुनबाई मागाशी पाठ टेकून बसली होती. रंजिताने तिच्या हातात प्लेअर ठेवला. म्हातारीने तो अंगठ्याने चाचपला आणि काही न विचारता डोकं पुढे केलं.

"एकाच कानात घाला, मावशी," रंजिता म्हणाली. "दुसरा घरासाठी मोकळा ठेवा. मी नाई ठेवला, म्हणून म्हणतो."

तिनेच वायर कानात घातली, बटण दाबलं. शकुनबाईचा चेहरा हलला नाही. फक्त हात वर उठले, लुगड्याच्या अडलेल्या काठावर गेले, दात चाचपू लागले. मग ती हळूच हसली आणि रंजिताच्या दिशेने वळली.

"उषा विचारून राहिली," ती म्हणाली, "तुह्या सासऱ्याचा पाय कसा हाये."

दारात उभ्या कैलाशला रंजिताने पायाचं काही सांगितलं नव्हतं. पवनीत कोणालाच नव्हतं.

"बरा हाये म्हणा," तिने कसंबसं उत्तर दिलं. "सव्वा महिन्यानं प्लास्टर काढतात."

शकुनबाईने ते मान खाली घालून हलक्या आवाजात पुढे सांगितलं. मग खड्ड्यात पाय सोडले. कैलाशने पुढे होऊन मागावरची धूळ लुगड्याच्या पदराकडून पुसायला घेतली, तेव्हा ती त्याला म्हणाली, "राहू दे, बाबू. आवाज ऐकाले येते तुहा. मी हाये इथंच."

रंजिता निघाली. बसमध्ये खिडकीशी बसून ती बायकांची भांडणं, कंडक्टरची शिट्टी, शेळीचं ओरडणं, सगळं दोन्ही कानांनी ऐकत आली.

आता बाबूलालची खाट मागापाशी टाकलेली आहे. पाय उशीवर ठेवून ते पडल्या पडल्या मोजतात, सातांचाच दात. "पलट. दे." कधी औषधाने त्यांना मधेच डुलकी लागते, तरी मोजणी थांबत नाही. तेव्हा रंजिता मान वर करत नाही, हात थांबवत नाही. काठ चुकत नाही, एवढंच तिला ठाऊक आहे.