गळतीचा आवाज

सासूबाईंनी रबरी नळीचं एक टोक कानात खुपसलं, दुसरं चालू इंजिनावर धरलं आणि डॉक्टर छाती तपासतात तशी ती इथून तिथं फिरवायला लागल्या. लाल, बुटकी, दोनच सीटची त्यांची ती स्पोर्ट्स कार उभ्या जागी धापा टाकत होती. मधेच तिचा आवाज चढायचा, मधेच आता बंद पडते की काय असं वाटायचं. कुठल्यातरी बारीक व्हॅक्यूम पाइपातून इंजिन चोरून हवा ओढत होतं, एवढं नक्की. कुठून, तेच शोधायचं होतं.

इंजिनात हवा नेणारा इनटेकचा जाडा पाइप सुनेनं सकाळीच धुऊन बसवला होता. आत तेलाचा असला काळा चिकट थर, की नाक खाजलं तरी पंचाईत. दोनदा तिनं झालं म्हणून दाखवला आणि दोनदा सासूबाईंनी परत केला. पाहुणे यायच्या आधी वरवर फडका मारतात तसलं इथं चालायचं नाही म्हणाल्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण सासूबाईंच्या कानातून गळती सुटत नाही ही कीर्ती तिनं घरात पाऊल टाकल्यापासून ऐकली होती.

आणि आता गंमत म्हणजे, तिलाच ती ऐकू येत होती. नळीबिळी न लावता, चांगल्या हातभर अंतरावरून. इंजिनाच्या मागच्या अंगाला, पाइपाच्या क्लिपपाशी, बारीकशी सूं. सासूबाईंची नळी त्या जागेवरून गेली. परत आली. पुन्हा गेली.

म्हणजे नवरा म्हणतो ते खरं. आईला मागचे हॉर्न ऐकू येत नाहीत, एकदा खात्री झाली की गाडीची किल्ली काढून घेणार, असं तो कालच जेवताना म्हणाला होता. सासूबाई हसल्या होत्या. मला सगळं ऐकू येतं, तू पुटपुटतोस तेसुद्धा, म्हणाल्या होत्या.

ती पुढं झाली आणि तिनं त्या जागी बोट दाबलं. गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली. सासूबाईंचा तळहात मडगार्डवर होता, त्यांना ते तिथूनच कळलं. त्यांनी हळूच कानातली नळी काढली.

"कधीपासून ऐकत होतीस?"

"आत्ताच, आई."

"खोटारडी."

पण म्हणाल्या अशा, की सुनेला उगाच भरून आलं. गाडी बंद करून दोघींनी पाइपाचा चिरलेला तुकडा काढला, नवा बसवला, गाडी परत चालू केली. आता ती एका लयीत चालत होती. नवरा चहा घेऊन बाहेर आला आणि गळती कुणी शोधली म्हणून त्यानं विचारलं.

"आईंनी," सून म्हणाली. "लगेच."

सासूबाई एकेक बोट पुसत होत्या.

"नाही रे. हिनं ऐकली. नळी माझ्या कानात होती आणि मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही."

इतके दिवस नवरा हेच ऐकायची वाट बघत होता, आणि आता कपाचा कान धरून नुसता उभा. त्याची नजर गाडीतल्या किल्लीकडं गेली. सासूबाईंनी ते बघितलं. त्या गाडीला वळसा घालून गेल्या, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टा ओढला आणि सुनेला म्हणाल्या,

"ये. हात पूस आधी."

"आई, मला ही झेपायची नाही."

"मी आहे ना. फक्त बोलताना माझ्याकडं बघू नकोस, रस्त्याकडं बघ. आणि मोठ्यानं बोल."

सुनेनं स्टिअरिंगमागं बसून गिअर टाकला, समोर बघितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं, आई."