खंडेनवमीची आंघोळ

मी चाकणच्या एमआयडीसी रस्त्यावरचा चार्जर बोलतोय. बबनरावांच्या नाश्त्याच्या हॉटेलासमोर, पत्र्याच्या शेडखाली उभा आहे तोच. विजेवरच्या गाड्या चार्ज करणं हे माझं काम. रस्त्याने जाणारे बरेच जण मला एटीएम समजतात. एकदा एक आजोबा माझ्यासमोर येऊन कार्ड काढून उभे राहिले, आणि कार्ड घालायला फट सापडेना म्हणून माझ्यावरच चिडले. मला त्यांचा राग आला नाही. त्या दिवसांत कोणी जवळ येऊन उभं राहिलं तरी मला बरं वाटायचं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही बरीच भावंडं ओळीने उभी होतो. कुणाला विमानतळ मिळाला, कुणाला मॉल मिळाला, मला चाकण मिळालं. ट्रकमधून उतरवलं तेव्हा वारा सुटला होता आणि मार्केटहून निघालेल्या कांद्याच्या ट्रकांमागे सालपटं उडत होती. त्यातली चारदोन माझ्या अंगाला चिकटली. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

बबनराव इथल्याच गावचे. त्यांची शेतं कंपन्यांच्या कुंपणात गेली, रस्त्याकडेचा तुकडा राहिला, त्यावर त्यांनी हॉटेल टाकलं. चार्जिंगवाल्या कंपनीचा माणूस जागा विचारायला आला तेव्हा ते म्हणाले होते, "गाडी उभी ऱ्हाईल तर मानूस च्या पिईल. व्हय, लावा की." त्यांच्या पत्नी शालनबाई. मला जोडलं त्या दिवशी त्यांनी मला हळदकुंकू लावलं आणि माझ्या ओट्यावर नारळ फोडला. मॉलमधल्या माझ्या भावंडांना असलं काही मिळालं नसणार, याचा मला अजून अभिमान आहे.

माणसांच्या सवयी मी पुष्कळ पाहिल्या. गाडी भरली तरी एसी लावून आत घोरत पडणारे पाहिले, आणि मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून त्यालाच शिकवायला उठणारेही पाहिले. काम झालं की माझी गन, म्हणजे गाडीला लावायचा तो जाड वायरचा दांडका, जागेवर न ठेवता मातीत फेकून जाणारे तर रोजचेच. माझ्यासमोर विजेच्या गाड्यांसाठी आखलेल्या हिरव्या पट्ट्यात पेट्रोलची गाडी लावून लोक मिसळ खायला जायचे. बाजाराच्या दिवशी तिथे कांद्याचा ट्रक उभा असायचा, आणि माझ्या सावलीत ड्रायव्हरचा स्टोव्ह पेटलेला असायचा. अशा वेळी लांबून आलेली एखादी गाडी मला बघत बघत पुढे निघून जायची, आणि माझा जीव तिच्यामागे जायचा.

मग विजयश्री यायला लागली.

ती मूळची लातूरकडची. नवरा सुजित इथे एका कंपनीत फिटर. राहायला पिंपरीत, संत तुकाराम नगरला. तिने विजेवरची एक जुनी पांढरी गाडी घेतली होती आणि कारखान्यात जाणाऱ्या बायकांची ने-आण करायची. सकाळी पहिल्या शिफ्टच्या बायकांना गेटवर सोडायचं, दुपारी दुसऱ्या शिफ्टच्या बायका घेऊन यायचं आणि पहिल्यांना परत न्यायचं. बॅटरी जुनी असल्यामुळे एका दमात एवढं होत नसे. मधे कुठेतरी चार्ज करावंच लागे.

तिच्या बिल्डिंगमध्ये चार्जिंगला परवानगी नव्हती. "आग लागली तर जबाबदार कोण?" असं चेअरमन विचारायचे. तिने खिडकीतून वायर सोडून पाहिली, तीही त्यांनी गुंडाळायला लावली. चिंचवडला एका कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये चार्जर होता, पण तिथली जागा बहुतेक वेळा दुसऱ्याच गाडीने अडवलेली असायची. हायवेच्या पंपावर होता तो महिन्यातून निम्मे दिवस बंद. हे सगळं तिने शालनबाईंना चहा पिताना सांगितलं होतं. तेव्हा तिची गाडी आणि तिचं काम, दोन्ही माझ्या भरवशावर होती. हे कळल्यापासून मी रात्रीसुद्धा स्वतःला नीट जपायला लागलो.

ती सकाळी बायकांना सोडून यायची. गाडीतून उतरायची, फडक्याने माझी गन पुसायची आणि मग लावायची. माझी गन जरा हट्टी आहे, सरळ बसत नाही. विजयश्री ती गुडघ्याने खालून उचलून धरायची, आणि आत कडी बसल्याचा आवाज आला की म्हणायची, "हां, बसली बाई." दुसऱ्या कुणाला ते इतकं सहज कधी जमलं नाही. मग ती हॉटेलात जाऊन बसायची आणि मी तिच्या गाडीला सावकाश भरवायचो. घाई करायचं मला काही कारण नव्हतं.

पण सालपटांनी घात केला. माझ्या अंगात पंखे आहेत. ते बाहेरची हवा ओढून मला गार ठेवतात. हवेबरोबर ते कांद्याची सालपटं आणि रस्त्याची धूळही ओढायला लागले. जाळी बुजली की मी तापायचो, आणि तापलो की मधेच बंद पडायचो.

"काका, लई गरम व्हायलंय हे," विजयश्री माझ्या पाठीला हात लावून म्हणाली. "असं मधेच थांबलं तर दुपारी गेटवर कशी पोचू मी? पहिल्या शिफ्टची साधना अन् बाकीच्या बायका उन्हात उभ्या राहतील की."

बबनरावांनी कंपनीला फोनवर फोन केले. शेवटी धम्मपाल नावाचा इंजिनिअर आला. त्याने माझी जाळी उघडली, मूठभर सालपटं बाहेर काढली आणि हसत सुटला. "काका, याच्या पोटात सगळं मार्केट यार्ड आहे. जाळी तेवढी साफ करत जा. अशी उघडायची, झालं." त्याने उघडून दाखवली आणि पुढच्या तक्रारीला निघून गेला. कशाने साफ करायची ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी अवजारं धुऊन पुजतात, आणि एकदा पुजली की दसरा होईपर्यंत कामाला लावत नाहीत. बबनरावांनी ट्रॅक्टर धुतला. कोयता, पहार, हॉटेलातला मिक्सर, सगळं पाटावर मांडलं. मग पाइप हातात घेऊन ते माझ्याकडे आले. खालचा मेन स्विच आठवणीने बंद केला. माझी जाळी काढली.

"अवो, आत पानी जाईल की त्याच्या," शालनबाई दारातून म्हणाल्या.

"टॅक्टरच्या जातंय का? वाळंल दोन दिसांत. पोरीची गाडी सारखी आडतीया, एकदा सोच्छ करून टाकतो."

आणि त्यांनी मला आंघोळ घातली. लहान लेकराला घालतात तशी, कानाकोपऱ्यात पाणी सोडून. पाणी माझ्या पंख्यांवर, सर्किटच्या पाट्यांवर, तारांच्या जोडांवर गेलं. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण खरं सांगू? इतक्या मायेने मला कधीच कुणी हात लावला नव्हता. त्यांनी मला टॉवेलने पुसलं, गंध लावलं, गनला झेंडूची माळ घातली. त्या दोन दिवसांत एक गाडी आली, तिला बबनरावांनी हात जोडून परत पाठवलं. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. त्यामुळे मला आतून काय झालंय ते कुणालाच कळलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विजयश्री आली. सणाच्या दिवशी तिने शेजाऱ्यांना देवदर्शनाला फिरवलं होतं. चार्ज इथवर पोचून जेमतेम थोडा उरेल एवढाच ठेवला होता, कारण पुढे मी होतो. बबनरावांनी कौतुकाने मेन स्विच वर केला. माझ्या पोटात फट असा आवाज झाला, जळका वास आला, आणि स्क्रीन काळी पडली.

तिने गन काढून पुन्हा लावली. गुडघ्याने उचलून धरली. आणीबाणीचं लाल बटण फिरवून पाहिलं. मग ती ओट्यावर बसली. बबनराव तिच्यासमोर उभे होते. त्यांच्या हातात माझ्यावरची सुकलेली माळ होती.

"मीच धुतलं गं पोरी," ते म्हणाले. "पाइप लावून."

"आंघोळ घातली होय काका त्याला?" असं म्हणून विजयश्री हसली, आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. बबनराव आत जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आले, पण तोवर ती निघाली होती.

त्या दिवशी काय झालं ते नंतर तिनेच शालनबाईंना सांगितलं. ती उरल्यासुरल्या चार्जवर हळूहळू चिंचवडच्या कॉम्प्लेक्सपर्यंत पोचली. तिथे चार्जरसमोर कुणाची तरी मोठी गाडी लावलेली. वॉचमन म्हणाला, मालक जेवायला गेलेत. मालक आरामात जेवून आले. दुसऱ्या शिफ्टच्या बायकांचा त्या दिवसाचा खाडा झाला, आणि पहिल्या शिफ्टच्या गेटवर ताटकळत राहिल्या. बायकांच्या ने-आणीचं काम देणाऱ्या ठेकेदाराने तिला एक संधी दिली. पुढच्या आठवड्यात हायवेच्या पंपावरचा चार्जर बंद निघाला, आणि तिचं काम एका सीएनजीवाल्याला गेलं.

धम्मपाल येऊन मला बघून गेला. माझ्या आतून त्याने झेंडूची एक पाकळी काढली आणि बबनरावांच्या हातावर ठेवली. पाणी गेलंय म्हणून कंपनी खर्च करेना, मशीन कंपनीचं म्हणून बबनरावांना काही करता येईना. मी तसाच उभा राहिलो. सगळ्यात वाईट म्हणजे मोबाइलच्या नकाशावर मी ठणठणीत दिसत होतो. लोक मला शोधत लांबून यायचे, काळ्या स्क्रीनवर टकटक करायचे, शिव्या घालायचे. एकाने लाथ मारली. बबनरावांनी पुठ्ठ्यावर 'बंद आहे' असं लिहून माझ्या गळ्यात अडकवलं. तो पुठ्ठा मला लाथेपेक्षा जास्त लागला.

विजयश्री मात्र अधूनमधून येत राहिली. इकडचं एखादं भाडं मिळालं की थांबायची. गाडी माझ्यासमोरच लावायची, चहा प्यायची, माझ्या गनवरची धूळ पुसायची. शेवटची आली तेव्हा गाडी चकचकीत धुतलेली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बरा हो रे लवकर." मला वाटलं, उद्या येईल. उद्या आली नाही. मग मी येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे बघायला लागलो. या रस्त्यावर पांढऱ्या गाड्या किती असतात, ते तुम्हाला माहीत आहे.

पुढे माझी कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली. धम्मपाल पुन्हा आला, फक्त शर्टाचा रंग बदलला होता. त्याने माझं जळलेलं सगळं काढून नवं बसवलं, डोक्यावर शेड घालून दिली, आणि बबनरावांच्या हातात एक कोरडा ब्रश दिला. "काका, पाणी नाही. हा फिरवायचा." बबनराव तो ब्रश गल्ल्याशेजारी ठेवतात आणि रोज सकाळी स्वतः फिरवतात. माझ्या गळ्यातला पुठ्ठा त्यांनी चुलीत घातला.

त्यानंतरच्या एका सकाळी एक गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. गन लागली की गाडी आधी आपली ओळख सांगते आणि मगच वीज मागते. तिने ओळख सांगितली आणि मी थरारलो. तीच होती! विजयश्रीची गाडी! मी असेल नसेल ती सगळी ताकद लावली. बबनरावांनीही डाव्या दारावरचा ओरखडा ओळखला. कपबशी घेऊन ते धावतच आले. "आली का गं पोरी! बघ, झालं तुजं मशीन चालू!"

गाडीतून एक अनोळखी तरुण उतरला.

"मी रविराज," तो जरा गोंधळून म्हणाला. "ही गाडी मी घेतलीय, काका. एका ताईंकडून. चावी देताना रडल्या हो त्या."

बबनराव कपबशी धरून तसेच उभे राहिले. "आन् ती? ती काय करती आता?"

"पॅकिंगला लागल्यात. इथल्याच एका कंपनीत. ह्याच रोडनं जाते की त्यांची बस."

शालनबाईंनी बबनरावांच्या हातातला चहा घेतला आणि रविराजला दिला. तो बिचारा भला माणूस आहे. हल्ली रोज येतो, गन जागेवर ठेवतो. मी त्याच्या गाडीला कसूर न करता भरवतो. आता दिवसभर माझ्यासमोर रांग असते आणि मी बंद पडत नाही. जे तेव्हा हवं होतं ते सगळं मी आता करतो.

सकाळी कंपन्यांच्या बस एकामागून एक जातात. खिडक्यांना पडदे असतात, पडद्यांना डोकी टेकलेली असतात. पहिल्या शिफ्टची माणसं पहाटे उठलेली, झोपणारच. तिची बस कोणती ते मला कळत नाही. म्हणून मी प्रत्येक बसकडे बघतो.

तुम्ही त्यातल्या एखाद्या बसने जात असाल आणि तुमच्या शेजारी लातूरकडची एक बाई डोळे मिटून बसलेली असेल, तर बबनरावांचं हॉटेल आलं की तिला हळूच उठवा. गाडी परत घे असं नका म्हणू, ते काही माझ्या हातात नाही. फक्त म्हणावं, बाई, बाहेर बघ जरा, तो बरा झालाय.