खिळ्यावरची दोरी आणि तिसरी खूण

मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो, उड्या मारायची. स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्यावर माझा मुक्काम. स्वभावाने मी संशयी. दिवसभर खिळ्यावर लटकून घराकडे बघत राहा, म्हणजे तुम्हीही व्हाल!

माझ्या लाकडी मुठी एका सुताराने घासून गुळगुळीत केल्या. या घरातली आई शाळकरी होती, तेव्हा तिने मला इतके फिरवले की उजव्या मुठीवर तिच्या अंगठ्याचा खळगा पडला. सटक सटक, पाय उचल. सटक सटक, श्वास जप! पुढे तिचे लग्न झाले, नोकरी लागली आणि मी पेटीत गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात कितीतरी वर्षे काढली.

मग तिची मुलगी धावू लागली. आईने मला बाहेर काढले, कुजलेले सूत टाकून नवे ओवले. मुठी जुन्या, पोट कोरे! मुलीला घरात सगळे खारूताई म्हणत. शाळेच्या चौघींच्या संघात तीन जागा भरल्या होत्या. चौथी तिला हवी होती. धावणे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, "वेळेवर झोप, पोटभर न्याहारी आणि रोज दोनशे उड्या. महिनाभर कर, मग बघू." दिनदर्शिकेवर रोज तीन खुणा करायच्या होत्या.

आठ दिवस मी अंगणात मनसोक्त वाजले. नवव्या दिवशी मात्र खिळ्यावरच राहिले. तरी दिनदर्शिकेवर तिसरी खूण होतीच. दहाव्या दिवशीही तेच. मी तर जागची हलले नव्हते. मग उड्या मारल्या कोणी? पाण्याच्या बाटलीने? खारूताई यायची, खुणेकडे बघायची, न्याहारी उरकून पसार व्हायची. चोर हीच, असे मी ठरवून टाकले.

एका पहाटे आई दिसली. दवाखान्यातल्या पाळीला निघालेली, एका हातात डबा, दुसऱ्यात पेन. "उठल्यावर मारेलच लेकरू," असे पुटपुटत तिने तिन्ही खुणा करून टाकल्या. खूण आधी, उडी नंतर! आणि खूण दिसली की खारूताईला उड्या झाल्यासारख्याच वाटायच्या.

निवडीच्या दिवशी शेवटच्या वळणावर तिचे पाय जड झाले. संध्याकाळी बाई घरी आल्या. दिनदर्शिका पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पान तर गच्च भरलंय गं. मग दम कुठे गेला? दोरी आण बघू."

बाईंनी माझ्या पोटावरून बोट फिरवले. "महिनाभर उड्या मारल्या असत्यास, तर हे सूत पिंजून निघालं असतं. ही आठवड्याच्या वर काही फिरलेली दिसत नाही."

आई ओशाळली. "खुणा मी केल्यात, बाई. म्हटलं, करेलच पोरगी. विश्वास होता हो."

"मी पण गप्प बसले ना, आई," खारूताई रडवेली होऊन म्हणाली. "खूण दिसली की बरंच वाटायचं मला."

"विश्वास ठेवा की," बाई म्हणाल्या, "पण पेन लपवा!"

चौथी जागा मात्र दुसऱ्या मुलीला मिळाली. दुसऱ्या दिवशी खारूताईच्या न्याहारीची ताटली जेवणाच्या वेळेपर्यंत तशीच होती.

आता पेन माझ्याच मुठीला बांधलेले असते. मला खिळ्यावरून काढल्याशिवाय ते हाती लागत नाही. दिनदर्शिकेवर काही चौकोन रिकामे दिसतात. कधी तापाचे, कधी आळसाचे. मला ते आवडतात. निदान खरे तरी आहेत. आणि माझ्या पोटाचे सूत हळूहळू पिंजू लागले आहे.

मित्रांनो, तुमच्याही दारामागे माझी एखादी बहीण लटकत असेल. तिला जपून ठेवू नका. तिला झिजवा, रोज थोडी थोडी.

मी अजूनही संशयीच आहे. सकाळी पावले वाजली की वाटते, पाणी प्यायला आली असेल. मग एक छोटा अंगठा त्या जुन्या खळग्यात येऊन बसतो.