सावकाश आणि आदरपूर्वक

नाटकात भोंग्याला एकच वाक्य होतं, आणि साहेबांनी नेमकं तेच खोडलं.

भोंगा म्हणजे नववीतली मुलगी. कुजबुजली तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं, म्हणून हे नाव. नाटक तिच्या आत्याचं. त्यातला राजा तीन अंक सिंहासनावरून हलत नाही, मग भोंगा झाडू घेऊन येते आणि म्हणते, "जरा उठता का? खाली झाडायचंय." बस्स. पण हे वाक्य तिने आंघोळ करताना, बसस्टॉपवर, भूमितीच्या तासाला घोटून घोटून पाठ केलं होतं.

"हे राहणार नाही," नाटकं तपासणारे सरकारी साहेब म्हणाले आणि वहीत लाल रेघ ओढली. "आपले सर्वोच्च नेते एकवीस वर्षं खुर्चीवर आहेत. लोक भलता अर्थ काढतील."

"अहो, पोरगी झाडायला आलीय," आत्या म्हणाली. "उठा नाही म्हणणार तर काय म्हणणार?"

"भोवतीने झाडेल."

जाता जाता त्यांची नजर भोंग्याच्या बाबांच्या व्हायोलिनवर पडली. प्रयोगाआधी नेत्यांचं गौरवगीत वाजवायचं, संपेपर्यंत सगळ्यांनी ताठ उभं राहायचं आणि जो बसेल त्याचं नाव हवालदाराने टिपून घ्यायचं, असा कायदाच होता. बसणाऱ्याला तीन महिने.

"कालच्या नाटकाला दीड मिनिटात उरकलंत," साहेब बाबांना म्हणाले. "गाडी पकडायची होती का? सावकाश वाजवायचं. आदरपूर्वक."

"किती सावकाश?"

"जितका आदर, तितकं सावकाश."

बाबा सरळमार्गी माणूस. त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी सहाला गौरवगीत सुरू झालं. पहिली ओळ संपली तेव्हा सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. एका कडव्यात चार ओळी, आणि कडवी पाच.

पहिल्या रांगेत साहेब आधी या पायावर, मग त्या पायावर. 'आटपा' म्हणावं तर आदर कमी पडला असता. विंगेत भोंगा झाडू घेऊन उभी होती. आत्याने बजावलं होतं, "आज तोंडातून अवाक्षर काढू नकोस. प्रयोग बंद पडले तर सगळ्यांची वाट लागेल."

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर खुर्ची करकरली. साहेब बसले.

चारशे माणसं उभी, एक बसलेलं. हवालदाराने वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि साहेबांकडे बघत तसाच थांबला.

विंगेतून भोंग्याने हे पाहिलं. वाक्य गिळावं की बोलावं? ती विचार करत होती तोवर पाय आपले झाडत झाडत रंगमंचाच्या पार कडेला पोचलेसुद्धा.

"जरा उठता का?" ती साहेबांना म्हणाली. "खाली झाडायचंय."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. गौरवगीतात हसायला बंदी होती. चारशे जणांचे खांदे तेवढे हलत होते.

साहेब उठले. हवालदाराने वहीत वेळ लिहिली, रांग लिहिली आणि नावाची जागा तूर्त मोकळी ठेवली. बाबांनी तिसरं कडवं सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याकडे नाटकाची वही परत आली. लाल रेघेशेजारी साहेबांच्याच अक्षरात लिहिलं होतं : "वाक्य चालेल. गीत दीड मिनिटात."