आईचा फोन

निकिताची आई वैष्णवी डेंगीच्या तापात गेली, तेव्हा निकिता सिन्नरला आजीकडे होती. घर एकलहऱ्याला; वडील, संतोष, तिथल्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर. मुलीला कुणी घरी नेलंच नाही. आई पेठला मामाकडे गेलीय, एवढंच सांगितलं आणि सिन्नरच्याच शाळेत तिचं नाव घातलं. संतोष सुट्टीला येऊन तिला भेटून जाई. सात वर्षांच्या लेकराला सांगायचं तरी कसं, हे कुणालाच कळत नव्हतं.

हळूहळू निकिता वर्गात बोलेनाशी झाली. बाईंनी मुलांसाठी काम करणाऱ्या नाशिकच्या एका संस्थेला कळवलं आणि दर गुरुवारी तिथल्या समुपदेशक सुवर्णाताई घरी येऊ लागल्या. त्या निकिताला काही विचारत नसत. आजी, गोजराबाई, शेंगा फोडत बसलेल्या असत. सुवर्णाताई निकिताशेजारी बसून त्याच ढिगातल्या शेंगा फोडत. कधी निकिता एखादी तीन दाण्यांची शेंग त्यांच्या तळहातावर ठेवी. तेवढंच बोलणं.

एकदा त्या बसलेल्या असतानाच गोजराबाईंनी फोन कानाला लावला.

"हां, वैष्णवी. हो, जेवली. शाळंत जाती. बरं, बरं..." मग फोन खाली ठेवला. "कट झाला बघ. तिकडं डोंगरात रेंज नसती."

निकिता उठली आणि मागच्या दारी जाऊन बसली.

"हे रोज करता?" सुवर्णाताईंनी हळूच विचारलं.

"लेकराला बरं वाटतं."

"आत्ता तिनं फोन मागितला नाही."

"पहिल्यांदी लय मागायची. आता शहाणी झाली."

"मला तसं वाटत नाही, आजी. तिला खरं सांगायला हवं."

"मग सांग की तू! शिकलेली हाय. पगार कशाचा घेती?"

सुवर्णाताईंना हसू आलं. "मी सांगेन आणि एसटी पकडून निघून जाईन. रात्री दचकून उठली तर ती कुणाला विचारणार? तुम्हीच सांगा. मी शेजारी बसते."

"माझी जीभ नाय रेटत."

"मग आज नको."

त्यानंतर किती तरी गुरुवार तसेच गेले. गोजराबाई कधी म्हणत, संतोषला येऊ दे. कधी म्हणत, सण होऊ दे. सुवर्णाताईंनी घाई केली नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "देवाघरी गेली असं नका सांगू. परत कधी येणार, म्हणून ती वाट बघेल."

मग एका दुपारी गोजराबाईंनी आपणहून पदराला हात पुसले.

"निके, इकडं ये. बस." निकिता येऊन बसली. "बाय, तुझी आई मेली. तापानं मेली. ती आता येणार नाय. मी फोनवर खोटं बोलत व्हते. तिकडं कुणीच नसायचं."

निकिता आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आई माझ्यावर रागावली नव्हती?"

"कशापायी रागावंल?"

"मी इकडं येताना तिला म्हटलं होतं, तू नको मला, मला आजीच पाहिजे. म्हणून ती तुझ्याशीच बोलते, माझ्याशी नाही..."

गोजराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "नाय गं माझ्या वासरा. नाय."

"दवाखान्यात ती काय म्हणाली? माझ्याबद्दल?"

गोजराबाईंचं तोंड उघडलं. असल्या वेळी सांगायचं वाक्य सगळ्यांनाच ठाऊक असतं: शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. सुवर्णाताईंनाही क्षणभर वाटलं, बोलू देत. एवढ्यानं काय बिघडतं? पण म्हातारी थांबली.

"ती सुदीवर नव्हती, बाय. कायच बोलली नाय."

तेव्हा निकिता रडली. आधी आवाजच फुटेना, मग थांबेना. सुवर्णाताईंचा हात तिच्या पाठीकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. निकिता आजीच्या मांडीत शिरली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. सून गेल्यापासून गोजराबाई घरात अशा रडल्या नव्हत्या. लेकरू बघेल म्हणून.

उन्हं कलली. निकितानं फ्रॉकला नाक पुसलं.

"बाबांना माहितीय?"

"हाय."

"बाबा रडले?"

"लय रडला."

"मग माझ्यासमोर का नाही रडले?"

गोजराबाईंनी सुवर्णाताईंकडे पाहिलं. सुवर्णाताईंच्या एसटीची वेळ झाली होती. पण त्या तशाच बसून राहिल्या.